डिझेल नावाचा माणूस

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत लिहायचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षाच. तेव्हा चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण यातला पहिला धडा मला होस्टेलच्या जनरेटरवाल्या काकांनी मराठीत दिला.

सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट गेली. जनरेटर थोडा वेळ चालला आणि धाप लागल्यासारखा करून बंद पडला. डिझेल संपलं होतं. काकांनी कॅन आणून टाकी भरली, सेल्फ मारला, तरी इंजिन काही सुरू होईना. वर सगळ्या जर्नल्स उघडून बसलेल्या. मी मेकॅनिकलची, म्हणून मला खाली पिटाळलं! प्रत्यक्षात पाना कुठे लावायचा तेही मला ठाऊक नव्हतं. काकांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं की लाइनमध्ये एअर धरली आहे.

टाकी रिकामी झाली की पाइपमध्ये हवा शिरते. डिझेल फारसं दाबलं जात नाही, म्हणून पंपाचा दाब थेट नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. प्लंजर खालीवर होत राहतो, आतला बुडबुडा लहानमोठा होतो आणि नोझल उघडतच नाही. काकांनी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला केला आणि मला हँड पंप मारायला लावला. आधी फेस आला, मग तुटक बुडबुडे, मग सलग डिझेल. मी पंप मारत असतानाच त्यांनी स्क्रू आवळला. मग तेच इंजेक्शन पंपावर. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारला आणि डिझेल उडायला लागल्यावर एकेक नट घट्ट केला. नोझलच्या धारेपुढे बोट कधी न्यायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. इंजिन धडधडलं आणि वरून टाळ्या आल्या.

हाताचा वास दोन दिवस गेला नाही. तेव्हा मनात आलं की ज्याचं नाव या तेलाला मिळालं तो माणूस होता तरी कोण? लायब्ररीत शोधलं.

रुडॉल्फ डिझेल १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. जर्मन म्हणून कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला ऑग्सबर्गला काका-काकूंकडे पाठवलं. पुढे तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. १८७९ मध्ये टायफॉइडमुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली. (म्हणजे हे फक्त आपल्याच बाबतीत होत नाही!) पुढच्या परीक्षेपर्यंत त्याने स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कारखान्यात काम केलं आणि १८८० मध्ये उत्तम मार्कांनी पास झाला.

तिथे त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते, रेफ्रिजरेशनवाले. वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवतं, ही गोष्ट रुडॉल्फच्या डोक्यात घर करून बसली. सिलिंडरमध्ये नुसती हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटेल, ही त्याची कल्पना. १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी १० ऑगस्टला ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंजिनात स्फोट झाला आणि दाब मोजायचं इंडिकेटर फुटून उडालं. पण तेल पेटतं, हे सिद्ध झालं! फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन आपलं आपण चाललं, तेही जेमतेम मिनिटभर. १८९७ मध्ये प्रोफेसर श्रोटर यांनी तपासलं तेव्हा एफिशिएन्सी भरली २६.२ टक्के. वाफेची बहुतेक इंजिनं तेव्हा याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती.

आता गंमत बघा. रुडॉल्फने तेल आधी थेट पंपाने मारून पाहिलं, ते जमलं नाही. मग त्याने कॉम्प्रेसरच्या हवेच्या जोरावर तेल आत फुंकलं. म्हणजे आम्ही रात्री घाम गाळून जी हवा काढली, ती त्याने तेलाबरोबर मुद्दाम घातली होती! पण त्या कॉम्प्रेसरमुळे इंजिन अवजड झालं. ते कारखान्यात आणि जहाजावर चाललं, ट्रकवर बसवणं कठीण होतं. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीचा इंजेक्शन पंप बाजारात आला, मग डिझेल इंजिन रस्त्यावर सर्रास धावू लागलं. आणि एअर काढायचं कामही आपल्यामागे लागलं.

ते बघायला रुडॉल्फ नव्हता. इंजिनाने त्याला श्रीमंत केलं, पण पैसे चुकीच्या ठिकाणी गुंतवून तो कर्जात बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. जेवून केबिनकडे गेला आणि सकाळी केबिन रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडलं. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय अवघं पंचावन्न. ती आत्महत्या होती की अपघात, याचा निकाल आजवर लागलेला नाही. कर्जाची खरी परिस्थिती घरच्यांना त्याच्या मागेच समजली.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. तेव्हा माझी थर्मोची केटी होती आणि तीन महिने ती मी घरी लपवली होती. त्याचं कर्ज आणि माझी केटी यांची तुलनाच नाही, पण लपवणं सारखंच. आत अडकलेलं काही असेल तर कुठेतरी एक नट अर्धा आटा ढिला करावा लागतो. त्या रात्री मी घरी फोन केला. बाबा आधी चिडले, मग पुस्तकं आहेत का विचारलं.

केटी सुटली. काकांना पेढे दिले, त्यांनी कशाचे म्हणून विचारलं. रुडॉल्फ डिझेलचं नाव सांगितलं तर त्यांना ते कुठल्यातरी पंपमालकाचं वाटलं.