घासाचा प्रवास पाहणारा विद्यार्थी



मी नालवाडीचा. शाळा सुटल्यावर पुढे एक्स-रेच्या कामात पडलो आणि त्यातच रमलो. छातीत जळजळ होते, भाकरीचा घास मध्येच अडकतो, अशी तक्रार घेऊन आपल्या भागातली माणसे येतात. त्यांच्या हाती आम्ही खडूच्या पाण्यासारखा पांढरा बेरियमचा ग्लास देतो आणि तो पिताना अन्ननलिका पडद्यावर पाहतो. या तपासणीची सुरुवात एका विद्यार्थ्याने केली. त्याचे नाव वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन. शाळेच्या स्मरणिकेत त्याचे चरित्र यावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. दहाव्या वर्षी आई गेली. जगाचे भले कर, एवढेच तिने जाताना मुलाला सांगितले होते. वडील रेल्वेत नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलाचे अभ्यासात लक्ष नाही असे पाहून त्यांनी त्याला शाळेतून काढले आणि रेल्वेच्या कचेरीत चिकटवले. दोन वर्षे तिथे काढल्यावर वॉल्टर पुन्हा शाळेत आला, तो मात्र झपाटून. सेंट पॉलच्या त्या शाळेत मे न्यूसन नावाच्या इंग्रजीच्या बाई होत्या. घरची परिस्थिती बेताची असूनही या मुलाने हार्वर्डला जावे, असा आग्रह त्यांनीच धरला. शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९२ मध्ये तो हार्वर्डला पोचला.

१८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. जगभर हाडांची छायाचित्रे निघू लागली. पुढच्याच वर्षी कॅनन वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला होते. त्यांचे प्राध्यापक हेन्री बाउडिच यांनी त्यांना आणि अल्बर्ट मोझर या सोबत्याला एक काम सुचवले : गिळलेला घास खाली कसा जातो, ते या किरणांनी दिसते का पाहा. अडचण अशी, की हाड किरणांना अडवते, पण अन्ननलिका आणि अन्न अडवत नाहीत. मग पडद्यावर दिसणार काय?

डिसेंबर १८९६ मध्ये त्यांनी आधी कुत्र्याला शिंपल्याचे बटण गिळायला दिले. नंतर हंस निवडला, कारण त्याची मान लांब. बिस्मथ या जड धातूचा क्षार भरलेल्या कुप्या त्याला गिळायला दिल्या. काळी सावली मानेतून सावकाश उतरताना दिसली. महिनाअखेरीस बोस्टनला शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या सभेत हा प्रयोग त्यांनी सर्वांसमोर करून दाखवला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तो, आणि समोर देशातले जाणते प्राध्यापक!

एवढ्यावर ते थांबले नाहीत. घट्ट घास आकुंचनाच्या लाटेने हळूहळू पुढे सरकतो आणि पातळ पदार्थ वेगाने जातो, हा फरक त्यांनी नोंदवला. मांजराच्या जठराची हालचाल तासन् तास पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मांजर चिडले किंवा घाबरले की जठर जागच्या जागी थांबते. या साध्या निरीक्षणातून भीती आणि राग यांचा शरीराशी संबंध शोधणारे त्यांचे पुढचे सगळे संशोधन उभे राहिले. १९०६ ते १९४२ ते हार्वर्डला प्राध्यापक होते. शरीर आपला आतला समतोल कसा राखते, हे सांगणारे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९३२ मध्ये निघाले. त्याच वर्षाच्या शेवटी विनोबा आपल्या नालवाडीत राहायला आले होते.

बिस्मथचा तो क्षार काही रुग्णांना बाधला, म्हणून १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट आले. ते पाण्यात विरघळत नाही, शरीरात शोषले जात नाही. आज अन्ननलिकेला दाह झाला असेल, तर आतल्या अस्तराच्या जाड घड्या, खरबरीतपणा, जखमा, जुन्या दाहाने अरुंद झालेला भाग हे सारे बेरियममध्ये दिसते. सौम्य दाह मात्र निसटू शकतो. म्हणून दुर्बिणीने तपासून गरज पडल्यास तुकडा काढणे, ही आता मुख्य तपासणी ठरली आहे. तरीही घास नेमका कुठे रेंगाळतो, लाट कुठे मोडते, हे हलत्या चित्रातच उमगते. कॅनन यांनी शिकवलेली ही नजर अजून जुनी झालेली नाही. मित्रांनो, आपण आता चष्म्याच्या वयाचे झालो आहोत. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर जळजळीची गोळी घेऊन दिवस ढकलू नका. आणि खर्रा खाणाऱ्यांना तर हे दोनदा सांगतो.

या नजरेची किंमत कॅनन यांनी स्वतः मोजली. त्या काळी किरणांचा धोका पुरता ठाऊक नव्हता. आडोसा नसताना ते नळीजवळ बसत. अंगावर भाजल्याचे व्रण उठले. उतारवयात त्वचेच्या दुर्धर आजाराने त्यांना वर्षानुवर्षे छळले आणि १ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. तरुणपणी अंगावर घेतलेल्या किरणांशीच या आजाराचा संबंध जोडला जातो. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा गेले, मिळाले नाही. आज आमच्या अंगावर शिशाचा जड एप्रन असतो, छातीवर किरण मोजणारा बॅज असतो. उन्हाळ्यात तो एप्रन नकोसा होतो. नवीन मुले कुरकुर करतात, तेव्हा मी त्यांना कॅनन यांची गोष्ट सांगतो.

गुरुजनहो, या चरित्रात मला सर्वांत मोठ्या वाटतात त्या न्यूसन बाई. शाळेतून काढलेला मुलगा परत आला, तेव्हा त्यांनी त्याचे मागचे प्रगतिपुस्तक पाहिले नाही. तो कुठवर जाऊ शकेल, ते पाहिले. आपल्या शाळेतही असे पाहणारे डोळे होते. त्यांतले काही आज या मेळाव्याला आपल्यात नाहीत, काही समोर बसले आहेत. त्या सर्वांना माझा नमस्कार.