विश्लेषण : रेव्हरंड टिळकांनी पगार सोडला, मग घर कोणी चालवले? लक्ष्मीबाई टिळकांच्या बिनपगारी सेवेची गोष्ट

‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले गाजलेले आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक मूळच्या नाशिकजवळच्या. पती नारायण वामन टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिक्षक, कीर्तनकार आणि पाळक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि पगारावर पाणी सोडले. या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याची किंमत मात्र घरातल्या डब्यांना आणि लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. त्यांच्या स्वतःच्या सेवेला पगार, पद, नेमणूक यांपैकी फारसे काही कधी मिळालेच नाही. काय होती ही सेवा?

हे टिळक कोणते?

आधी एक घोटाळा दूर करू. हे लोकमान्य टिळक नव्हेत. नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचे शिक्षण नाशिकला झाले. कविता लिहिण्याची आवड आणि एका जागी न टिकणारा पाय, ही दोन्ही लहानपणापासूनची. पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून मराठी शाळांमधून ते घरोघरी पोहोचले.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. जन्म १ जून १८६८. माहेर नाशिकजवळ गोदावरीकाठचे जलालपूर. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवले, तेही सवड मिळेल तसे. जोडाक्षरे त्यांना पुढेही जडच गेली. याच बाईंनी पुढे मराठी गद्याचा एक मानदंड घालून दिला, हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

१८५७ चा या घराशी काय संबंध?

लक्ष्मीबाईंचे बालपण समजून घ्यायला नाशिकच्या पश्चिमेकडच्या डोंगरात जावे लागते. सुरगाण्याला लागून पेठ, खाली हरसूल आणि त्र्यंबकेश्वर असा हा पट्टा. डिसेंबर १८५७ मध्ये हरसूलचा बाजार लुटला गेला आणि त्र्यंबकला इंग्रजांच्या खजिन्यावर हल्ला झाला. भिल्ल, कोळी आणि ठाकूर त्यात पुढे होते. बंड मोडल्यावर पेठच्या राजाला फाशी झाली. त्र्यंबकला फासावर गेलेल्यांत वासुदेव भगवंत जोगळेकर होते. हे लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील.

या फाशीचा धक्का घराने विचित्र रीतीने पचवला. सासऱ्यांच्या देहाला परक्या हातांचा स्पर्श झाला, हा विचार लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनातून जाईना. त्यातून त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, माणसांनीही सतत अंगावर पाणी घ्यायचे. स्पर्शाच्या या धाकात मुले वाढली. लक्ष्मीबाईंनी पुस्तकात हे सगळे हसत सांगितले आहे. वाचकही हसतो, पण त्या घरात राहणे सोपे नव्हते हे त्याला कळत जाते.

अशा घरातल्या मुलीचा नवरा पुढे ख्रिस्ती झाला.

टिळक मिशनमध्ये कसे आले?

१८९३ मध्ये टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा जमल्या. त्याने बायबलचा नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

पत्नीला त्यांनी याची कल्पना दिली नव्हती. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हे वैधव्यापेक्षा अवघड होते, कारण नवरा जिवंत होता. पदरात लहानगा दत्तू. नातलगांनी त्यांना पंढरपूरला ठेवले. दुःख कुणाशी बोलायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी ते पद्यात उतरवले. त्यांच्या कवितेची सुरुवात इथली.

इथे कायद्याचा एक मुद्दा आहे. १८६६ पासून एक कायदा लागू होता. धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा जोडीदार सोबत राहायला तयार नसेल, तर ठरावीक प्रक्रियेनंतर ते लग्न मोडता येत असे आणि दुसरे लग्न करता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रे लिहीत राहिले, भेटायला जात राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आल्या, पण आपल्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळेओवळे जसेच्या तसे. नवरा मिशनचा उपदेशक आणि बायको त्याच घरात सोवळ्यात, असा तो संसार होता.

नगरचे मिशन म्हणजे नेमके काय होते?

अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचले. शाळा, मुलींचे वर्ग, दवाखाने आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, असा पसारा वाढत गेला. देशी उपदेशक तयार करणारे धर्मशिक्षणाचे विद्यालय, म्हणजे सेमिनरी, नगरलाच होते. टिळक तिथे शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते.

या यंत्रणेत बायकांच्या कामाचा हिशेब कसा ठेवला जाई, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन बोर्डाच्या जुन्या याद्यांत मिशनऱ्यांच्या पत्नींची नोंद सहायक मिशनरी अशी होत असे. काम पूर्ण वेळ, नाव सहायक. लक्ष्मीबाई जे करत होत्या, त्याला तर तेवढेही नाव नव्हते.

राहुरीत काय बदलले?

टिळकांची बदली नगरच्या उत्तरेला राहुरीला झाली. तेव्हाचे ते लहान गाव. १८९९-१९०० चा दुष्काळ याच सुमाराचा. नगर जिल्हा आधीच कमी पावसाचा, त्यात हे वर्ष जनावरांसह माणसे नेणारे. अनाथ झालेली मुले मिशनच्या आसऱ्याला येत होती आणि टिळकांना कुणाला नाही म्हणणे माहीत नव्हते. मुले घरी येत. त्यांना खाऊ कोण घालणार, खरूज कोण धुणार, रात्री कोण बसणार, हे प्रश्न टिळकांना पडत नसत. ते लक्ष्मीबाईंना पडत.

जातीपातीविषयीचा त्यांचा निर्णयही राहुरीतलाच. कुणाच्या उपदेशाने तो झाला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर मिळाल्यावर आयुष्यभराचे सोवळे त्यांनी सोडले, आणि मग ज्याच्या-त्याच्या हातचे पाणी प्यायल्या. ख्रिस्ती होण्याचा विचार त्यानंतरचा. क्रम महत्त्वाचा आहे. नवऱ्याच्या मागे बायको गेली असे ढोबळपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात जलालपूरच्या त्या धुण्यापुसण्याच्या घरातली मुलगी आधी स्पर्शाच्या भीतीतून मोकळी झाली. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला.

मग सेवा म्हणजे काय काय केले?

नगरला परतल्यावर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे जेवणखाण त्यांच्याकडे आले. मुलगे वाढत्या वयाचे, पैसा तुटपुंजा. डाळ किती, ज्वारी किती, महिनाअखेर काय, हे गणित रोज बसवायचे.

प्लेगच्या साथीत गाव ओस पडले. लोक जवळच्यालाही हात लावायला भीत. तेव्हा मिशनच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. ना नर्सिंगचे शिक्षण, ना इंग्रजी. औषधांच्या बाटल्या ओळखायला त्या आपल्या पद्धतीने शिकल्या.

शिवाय माणसे. टिळकांच्या घरी दार बंद नसे. तारा या मुलीला त्यांनी आपली म्हणून वाढवले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, काही काळ नगरला त्यांच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले. हट्टी आणि रुसणारा हा तरुण कवी लक्ष्मीबाईंच्या जिवाला घोर लावत असे. १९०७ मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले, त्यात टिळकांचा पुढाकार होता. किशोर वयातले ठोमरे तिथेच बालकवी झाले. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला.

पैशांच्या बाबतीत टिळक म्हणजे गळकी घागर. वाणसामान आणायला गेलेला माणूस भलतीच सुंदर वस्तू घेऊन परत येई, नाहीतर रस्त्यात भेटलेल्याला पैसे देऊन मोकळा होई. यावरची भांडणे, अबोले आणि समेट लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने लिहिले आहेत. त्यांनी टिळकांना संत केले नाही. म्हणूनच त्यांच्या पुस्तकातले टिळक खरे वाटतात.

टिळकांनी पगार का सोडला?

परदेशी पैशावर चालणारे मिशन आणि त्याच्या पगारावर जगणारा देशी उपदेशक, ही मांडणी टिळकांना वर्षानुवर्षे खुपत होती. देशाभिमान त्यांच्या कवितेत ठासून भरलेला. ख्रिस्तभक्तीने इथला वेश घ्यावा, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले आणि ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वळणाचे अभंग रचले. मराठी चर्चमध्ये गायली जाणारी त्यांची गीते शेकड्यांनी मोजावी लागतात.

१९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा कुणीही तिथे यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, अशी कल्पना. कुणाची वर्गणी नाही, पगार नाही, देव देईल त्यावर चालायचे. आपण आता संन्यासी, ही त्यांची भूमिका होती.

विचार म्हणून हे धाडसी होते आणि काळाच्या पुढचेही. आजही चर्चच्या इतिहासाचे अभ्यासक ‘दरबारा’कडे भारतीय ख्रिस्ती विचाराचा एक महत्त्वाचा प्रयोग म्हणून पाहतात. पण संन्यास घेणाऱ्याची बायको कुठे जाते? लक्ष्मीबाईंना हा निर्णय रुचला नव्हता. त्यांनी विरोध केला, रागावल्या, आणि पुढे साताऱ्याला गेल्या. मिळकत बंद आणि येणारी-जाणारी माणसे तेवढीच, या परिस्थितीत ‘देव देईल’ याचा व्यवहारातला अर्थ त्यांना रोज लावावा लागे.

हा प्रयोग दोन वर्षेही चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले.

टिळकांनंतर लक्ष्मीबाईंचे काय झाले?

वय एक्कावन्न. मिशन सोडलेले, हाताशी शिल्लक नाही. लक्ष्मीबाई मुंबईत आल्या आणि मुलींच्या वसतिगृहात मेट्रन झाल्या. एवढी वर्षे घरी जे केले, तेच आता नोकरी म्हणून. कीर्तनेही त्या करू लागल्या. पुढे नाशिकला स्थायिक झाल्या.

टिळक मागे एक अपुरे काम ठेवून गेले होते. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचे महाकाव्य. त्यांचे दहा-अकरा अध्याय झाले होते. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढचे चौसष्ट अध्याय रचले. हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या नव्हत्या.

आत्मचरित्र लिहायला बसल्या त्याही टिळकांसाठीच. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी आठवणी हव्या होत्या. आठवणी लिहिता लिहिता पुस्तक लक्ष्मीबाईंचे झाले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि मराठी वाचक चकित झाले. बोलावे तसे लिहिणारी, स्वतःवर हसणारी आणि कुणाचीही भीड न धरणारी अशी भाषा तोवर छापील मराठीत क्वचितच आली होती.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्त टिळकांनी पुरा केला.

आज हे कुठे वाचायला-पाहायला मिळते?

‘स्मृतिचित्रे’च्या आवृत्त्या सतत निघत असतात. इंग्रजीत जोसेफिन इंकस्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये आला आणि शांता गोखले यांचा २०१७ मध्ये. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत सुहास जोशी होत्या. लक्ष्मीबाईंच्या कविता ‘भरली घागर’ या संग्रहात आहेत. तो १९५१ मध्ये निघाला. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने ‘स्मृतिचित्रे’ जलालपूरच्या सोवळ्याच्या प्रकरणापासून सुरू करावे. पुढे नगरच्या वसतिगृहाचा भाग आला की वाचनाचा वेग थोडा कमी करावा.