ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव : पदकाआधीची कुस्ती आणि पदकानंतरची



१५ जानेवारी हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस आता आपल्या महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी परिपाठात मुलं भाषणं करतात. बहुतेक भाषणांत एकच वाक्य फिरून फिरून येतं, की खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं. वाक्य खरं आहे, पण तेवढ्यावर भाषण संपतं आणि खरी गोष्ट राहूनच जाते. पदक मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर या माणसाला ज्या कुस्त्या खेळाव्या लागल्या, त्या आखाड्यातल्या नव्हत्या. आपण कोल्हापूरकरांनी तर ही गोष्ट पुरती माहीत करून घ्यायला हवी, कारण तिचा मोठा भाग आपल्याच गावात घडला आहे.

बालपण आणि घरचा आखाडा

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पूर्ण नाव खाशाबा दादासाहेब जाधव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे पाच वर्षांचे असतानाच वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवलं. पुढे ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, निरोप पोचवणं अशी कामं त्यांनी केली. म्हणजे अभ्यास, कुस्ती आणि देशकार्य हे तिन्ही एकाच वयात चाललं होतं.

अंगकाठी मात्र लहान. उंची बेताची, वजन कमी. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जो धिप्पाड देह येतो, तसा हा पोरगा अजिबात नव्हता. चपळाई आणि डाव टाकण्याची अक्कल हेच त्यांचं भांडवल. त्यांना पुढे पॉकेट डायनामो म्हणू लागले ते याचमुळे.

राजाराम कॉलेजातला नकार

शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला आले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागचं भव्य मैदान बांधलं, देशभरच्या मल्लांना इथे बोलावलं. अशा गावात आल्यावर पैलवानाला आणखी काय पाहिजे? इथे बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले.

पण आपल्यासाठी महत्त्वाचा प्रसंग वेगळाच आहे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा होत्या. खाशाबा कुस्तीसाठी नाव द्यायला गेले. क्रीडा शिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी बघितली आणि नाव घ्यायला नकार दिला. त्यांच्या जागी आपण असतो तर? मनाला विचारून बघा. समोर किडकिडीत पोरगं उभं आहे, उद्या कुठे मोडलं-बिडलं तर जबाबदारी आपल्यावर. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तेच केलं असतं. त्यात वाईट हेतू नसतो, पण अंदाज चुकलेला असतो.

खाशाबा गप्प बसले नाहीत. ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले. खर्डेकरांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि खेळायची परवानगी दिली. मग त्या लहान चणीच्या मुलाने आपल्यापेक्षा वजनदार, अनुभवी मल्लांना एकामागून एक चीत केलं. खर्डेकर त्यांच्यामागे उभे राहिले ते तेव्हापासून. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

लंडन १९४८ : मातीतून गादीवर

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक होतं. तिथे जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या छत्रपतींनी उचलला. संस्थान तेव्हा अजून विलीन झालं नव्हतं आणि कुस्तीला राजाश्रय होता.

लंडनला मात्र सगळंच नवीन. इथे कुस्ती लाल मातीत, तिथे गादीवर. मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते. गादीवर पाय कसा ठेवायचा इथूनच शिकावं लागतं. आपल्याकडची कुस्ती समोरचा चितपट होईपर्यंत चालायची, तिथे वेळेचं बंधन आणि गुणांचा हिशोब. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे थोडंफार शिकवलं. एवढ्याशा तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र हार पत्करावी लागली. एकूण सहावा क्रमांक आला.

गादीची ओळखसुद्धा नसलेल्या मल्लाने जगात सहावं यावं, ही खरं तर मोठी गोष्ट होती. पण खाशाबा समाधान मानणारे नव्हते. पुढची चार वर्षं त्यांनी नेटाने सराव केला आणि वरच्या वजनगटाची तयारी केली.

हेलसिंकीच्या वाटेवरचे दोन अडथळे

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंडमध्ये हेलसिंकीला होतं. तिथे पोचण्याआधी दोन मोठे अडथळे आले.

पहिला निवडीचा. निवडीच्या कुस्तीत त्यांना अवघ्या एका गुणाने डावलण्यात आलं. हा निकाल पक्षपाती आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली, आणि खाशाबांनी राष्ट्रीय विजेत्या निरंजन दासला सरळ चितपट केलं. आता गुणांचा प्रश्नच उरला नाही. कॉलेजात नाव नाकारल्यावर ते प्राचार्यांकडे गेले होते, इथे महाराजांकडे. अन्याय झाला तर रडत बसायचं नाही, भांडणही करायचं नाही, योग्य माणसाकडे दाद मागायची आणि मग आखाड्यात सिद्ध करायचं, ही त्यांची पद्धतच होती.

दुसरा अडथळा पैशांचा. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. जुना राजाश्रय संपला होता आणि नव्या सरकारची खेळाडूंसाठीची व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. खाशाबांनी मुंबई सरकारकडे मदत मागितली, तर स्पर्धा झाल्यावर भेटा असं उत्तर मिळालं. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. तरी रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर बँकेकडे गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले.

जरा थांबून या आकड्याकडे बघूया. १९५२ सालचे सात हजार रुपये. एका प्राचार्याने, ज्याचा या मुलाशी नात्याचा काही संबंध नाही, आपल्या कुटुंबाच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावलं. मुलगा हरून आला असता तर? पदकाची हमी कुणीच दिलेली नव्हती. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यावर लावलेली ती पैज होती.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. मग गाठ पडली ती जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह या दोघांशी. इशीबरोबरची लढत खूप लांबली आणि त्यात खाशाबा हरले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांना दमल्या अंगानेच पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं आणि त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय पदाधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितलं जातं. मम्मदबेयोव्हकडूनही ते हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं.

इंग्रजांच्या राज्यात १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदकं मिळवली होती. पण स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेलं हे पहिलंच वैयक्तिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे के. डी. माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. म्हणजे आपल्या भागातल्या तालमींतून गेलेले दोन मल्ल एकाच ऑलिम्पिकमध्ये जगातल्या पहिल्या चारांत होते! मुलांना हे जरूर सांगा.

बैलगाड्यांची मिरवणूक आणि सोडवलेलं घर

त्याच वर्षी हॉकी संघाने सुवर्ण जिंकल्यामुळे देशभर कौतुक झालं ते हॉकीचं. कांस्यपदक घेऊन आलेल्या पैलवानाकडे दिल्ली-मुंबईचं फारसं लक्ष गेलं नाही. गावाने मात्र कसर ठेवली नाही. कराड स्टेशनवर माणसांचा पूर लोटला. शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले.

सत्कार झाले, हार-फेटे झाले. त्यानंतर खाशाबांनी जे केलं, ते मला पदकाइतकंच मोठं वाटतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः त्यात लढले, आणि मिळालेला पैसा खर्डेकरांच्या हाती देऊन त्यांचं गहाण घर सोडवलं. जगात तिसरा आलेला मल्ल आपल्या गुरुजींचं कर्ज फेडायला पुन्हा मातीत उतरला.

पदकानंतरची कुस्ती

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण पुढचंही सांगायला हवं.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची आशा होती, पण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती संपवली. खात्यात ते खेळले, शिकवत राहिले. बढती मात्र कितीतरी वर्षं अडून राहिली. २७ वर्षांची नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, तर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. शेवटचा काळ आर्थिक ओढाताणीत गेला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

मानसन्मान आले ते नंतर. शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर, तोसुद्धा दीड दशक उलटल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीतल्या कुस्तीच्या संकुलाला त्यांचं नाव देण्यात आलं. भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, १९९६ मध्ये लिअँडर पेसच्या रूपाने. आणि महाराष्ट्राला तब्बल ७२ वर्षं! २०२४ मध्ये पॅरिसला ते नेमबाजीत जिंकलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्याच्या पोराने.

मुलांना काय सांगायचं?

आपण मुलांना सहज सांगतो, की मेहनत करा, फळ मिळतंच. खाशाबांच्या आयुष्याकडे बघितलं तर हे वाक्य अपुरं आहे. मेहनतीचं पदक त्यांना मिळालं. हक्काची बढती, वेळेवर पेन्शन आणि जिवंतपणी मोठा सन्मान मात्र मिळाला नाही, आणि तो दोष त्यांच्या मेहनतीचा नव्हता. मोठ्या वर्गातल्या मुलांपासून हे लपवू नये असं मला वाटतं. सत्य सांगितल्याने मुलं खचत नाहीत. उलट न्याय-अन्याय कशाला म्हणायचं हे त्यांना कळतं.

आणि आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी, यात एक आरसा आहे. या गोष्टीत दोन शिक्षक आहेत. दोघांनी एकाच मुलाकडे पाहिलं. एकाला लहान शरीर दिसलं, दुसऱ्याने मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं. घर गहाण टाकणं आपल्याला जमेलच असं नाही, कुणी मागतही नाही. पण उद्या एखादं लहान चणीचं पोर नाव द्यायला पुढे आलं, तर पेन खाली ठेवण्याआधी त्याला एक कुस्ती खेळू देणं तरी आपल्या हातात आहे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. क्रीडा शिक्षकांनी नकार दिल्यावर खाशाबांनी काय केलं? तुम्ही काय केलं असतं?
२. मातीवरच्या आणि गादीवरच्या कुस्तीत कोणते फरक आहेत? गावातल्या वस्तादांना विचारून लिहा.
३. खाशाबांनी खर्डेकर सरांचं घर कसं सोडवलं? त्यातून त्यांचा कोणता गुण दिसतो?
४. पदक जिंकलेल्या खेळाडूची निवृत्तीनंतरची जबाबदारी कुणाची असावी? गटात चर्चा करा.