इंदूरहून बडोद्यास : चित्रकार ना. श्री. बेंद्रे



मागील सत्रात एका पालकांनी मला विचारले की, सर, चित्रकलेचा तास कशाला ठेवता, त्या वेळात गणित घ्या ना! ते गृहस्थ छपाई मिलमध्ये बारा तासांची पाळी करून आले होते. त्यांना मी चटकन उत्तर देऊ शकलो नाही. खरे सांगायचे तर परीक्षेच्या दिवसांत मीही चित्रकलेचा तास अनेकदा गणिताला देऊन टाकला आहे. म्हणून या अंकात नारायण श्रीधर बेंद्रे यांचे चरित्र देत आहे. चित्रकलेला विद्यापीठाच्या आवारात मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत हा मराठी माणूस अगदी पुढे होता, आणि ती जागा आपल्या सुरतेपासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. होळकरांच्या इंदुरात तेव्हा पुष्कळ मराठी कुटुंबे होती. घरात मराठी, बाजारात हिंदी. आपल्या लिंबायतच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. येथे घरात मराठी किंवा अहिराणी, गल्लीत हिंदी आणि कचेरीत गुजराती चालते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मला या इंदूरकराबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते, हे कबूल करतो.

इंदूरच्या चित्रशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे गुरू त्यांना लाभले. देवळालीकर सर मुलांना खोलीत कोंडून ठेवत नसत. घाट, बाजार, झाडाखालची सावली, भिंतीवर पडलेले ऊन, जे दिसेल ते तेथेच बसून रंगवायला लावीत. विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन हेही याच चित्रशाळेचे विद्यार्थी. चित्रकला शिकत असताना बेंद्रे यांनी नेहमीचे शिक्षण सोडले नाही. १९३३ मध्ये ते आग्रा विद्यापीठाचे बी. ए. झाले व १९३४ मध्ये मुंबईची कलेची सरकारी पदविका त्यांनी मिळविली. (हे वाक्य विद्यार्थ्यांनी दोनदा वाचावे.)

पुढची दहा-बारा वर्षे धडपडीची. श्रीनगरला प्रवासी विभागात चित्रकाराची नोकरी, मद्रासला चित्रपटांचे कलादिग्दर्शन, मग मुंबईत प्रदर्शने. १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनला राहिले आणि नंदलाल बोस, रामकिंकर बैज यांचे काम त्यांनी जवळून पाहिले. १९४७-४८ मध्ये अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्कला छापचित्रण शिकले. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते आणि नाव झालेले होते. तरीही ते विद्यार्थी म्हणून वर्गात बसले, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व पदकांपेक्षा मोठी वाटते.

आता बडोद्याकडे येऊ. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपविली व १८९० मध्ये कलाभवन काढले. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. कुलगुरू होत्या श्रीमती हंसा मेहता, ज्यांचा जन्म आपल्या सुरतेचाच. १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. मार्कंड भट्ट हे पहिले अधिष्ठाता, शिल्प विभागात शंखो चौधरी आणि चित्रकला विभागाचे प्रमुख बेंद्रे. चित्रकार होण्यासाठी विद्यापीठाची पदवी, ही कल्पना तेव्हा आपल्या देशात नवीनच होती. अशी पदवी घेऊन मुलगा पोट कसे भरणार, हा प्रश्न पालकांनी तेव्हाही विचारला असेलच.

बेंद्रे यांच्या शिकविण्याची पद्धत फार निराळी. ते विद्यार्थ्यांसमोर स्वतः चित्र काढीत. कोरा कागद, पहिली रेघ, चुकलेला रंग, तो सुधारणे, सर्व काही मुलांच्या डोळ्यांदेखत. गुरूने मुलांसमोर चुकणे सोपे नाही. मी तीस वर्षे फळ्यासमोर उभा आहे, म्हणून सांगतो. दुसरे असे की, आपल्यासारखेच चित्र काढा असा त्यांचा आग्रह नसे. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख, तसेच त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातील वालोडचे हकू शाह हे सर्व बडोद्याच्या त्या काळातले विद्यार्थी. यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर एकाच शाळेची मुले आहेत असे वाटणार नाही. १९५५ मध्ये बेंद्रे यांच्या ‘काटा’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि १९५६ मध्ये त्यांनी इतर कलावंतांना बरोबर घेऊन बडोदा ग्रुप उभा केला.

१९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले. त्याच काळात, १९६१ च्या सुमारास, विद्याशाखेच्या आवारात कलामेळा भरू लागला. के. जी. सुब्रमण्यन हे हातमाग मंडळातील नोकरी करून परत आले होते, त्यांचा यात मोठा वाटा. या मेळ्यात शिक्षक आणि विद्यार्थी मांडीला मांडी लावून लाकडाची खेळणी, मातीच्या वस्तू, कापडाचे काम करीत, आणि गावातले लोक येऊन ती विकत घेत. चौकट केलेली चित्रे पाहायला जो माणूस बिचकला असता, तो जत्रेला आल्यासारखा मुलाबाळांना घेऊन येई. आपल्या वस्तीतल्या आया घरी बसून साडीला लेस व टिक्क्या लावतात, त्या हातांनाही तेथे कोणी परके मानले नसते, असे मला वाटते.

१९६६ मध्ये बेंद्रे यांनी राजीनामा दिला व ते मुंबईला स्थायिक झाले. एवढे उभे केलेले घर सोडताना माणसाला काय वाटले असेल! पण त्यांचा हात थांबला नाही. पुढे तर त्यांनी बारीक बारीक ठिपक्यांनी चित्र भरण्याची शैली घेतली, जिच्यात एकेका चित्राला फार चिकाटी लागते. १९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.

त्या पालकांना मी अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. तूर्त एवढेच ठरविले आहे की, या सत्रात चित्रकलेचा तास कोणत्याही विषयाला दिला जाणार नाही. तसेच आठवी-नववीच्या मुलांना एक दिवस बडोद्यास नेण्याचा विचार आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. पालकांपैकी कोणी सुट्टी काढून आले तर आनंदच होईल. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि एक कोरी वही आणावी.