उंदरांचे विष, हृदयाचे औषध

कार्ल पॉल लिंक यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. पुढे ते विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवरसायनाचे प्राध्यापक झाले. १९३३ च्या फेब्रुवारीत, भर हिमवादळात एक शेतकरी मेलेली कालवड, क्लोव्हरचा नासका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेले रक्त घेऊन त्यांच्याकडे आला. चारा बदलणे व जनावरांना रक्त देणे, एवढेच उपाय लिंक सांगू शकले. गुरांचे रक्त पातळ करणारे द्रव्य त्या चाऱ्यातून वेगळे काढण्यास त्यांच्या प्रयोगशाळेला १९३९ साल उजाडले!

१९४५ मध्ये आजारपणात उंदरांविषयी वाचताना त्यांना याच जातीच्या द्रव्याचे विष करण्याची कल्पना सुचली. १९४८ मध्ये वॉरफरीन बाजारात आले. १९५१ मध्ये एका सैनिकाने आत्महत्येसाठी ते खाल्ले. ‘के’ जीवनसत्त्व देऊन तो वाचला. १९५४ पासून ते माणसांचे औषध झाले.

मात्र याची मात्रा अंदाजाने ठरत नाही. जास्त झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर गुठळी. म्हणून ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी वरचेवर करतात. आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. मेथी-पालकात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. भाजी सोडायची नाही, पण तिचे प्रमाण रोजचेच ठेवायचे. अंगदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आपल्याकडे नेमके हेच होत नाही.

लिंक १९७८ मध्ये वारले. त्यानंतर नवी औषधे निघाली, तरी हृदयात धातूची झडप बसविलेल्या रोग्याला आजही वॉरफरीनच देतात.