वैद्यकी सोडून शेवाळामागे लागलेला माणूस : शिवराम कश्यप

पावसाळ्यात नवी मुंबईत कुठेही फिरा. ओल्या मातीला चिकटलेली, नाण्याएवढी हिरवी चकती दिसली, तर आपण तिला शेवाळ म्हणतो आणि पुढे जातो. पण ती रिक्सिया असू शकते, म्हणजे यकृतका गटातली वनस्पती. इंग्रजीत या गटाला लिव्हरवर्ट म्हणतात. भारतात या गटाचा पद्धतशीर अभ्यास उभा केला तो शिवराम कश्यप यांनी.

कश्यप यांचा जन्म १८८२ चा, झेलमचा. आधी ते आग्र्याला वैद्यकीय शिकले. पण ओढ वनस्पतींची होती. म्हणून पुन्हा विद्यार्थी झाले, १९१० मध्ये केंब्रिजला गेले आणि परतल्यावर लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवू लागले.

सुट्टी लागली की ते हिमालयात जायचे. पश्चिम तिबेट, कैलास-मानसरोवरपर्यंत त्यांनी पायपीट केली. त्यातून अनेक नव्या यकृतका उजेडात आल्या. त्यांतल्या एका प्रजातीला त्यांनी केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांच्यावरून सीवर्डिएला हे नाव दिलं.

हे काम सोपं नव्हतं. यकृतकेला ना फूल, ना बी, ना खरं मूळ. तिचं नाव ठरवायचं तर खालचे खवले, मुळांसारखे एकपेशीय धागे आणि बीजाणूंवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. कश्यप यांनी ही माहिती ग्रंथात मांडली. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवरचा पहिला भाग १९२९ मध्ये आला, दुसरा १९३२ मध्ये. त्याच १९३२ साली ते भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष होते.

त्यांचा एक विचार तेव्हाच्या समजुतीच्या उलट होता. रिक्सियाची रचना साधी, म्हणून ती सर्वांत जुनी, असं अनेकजण मानत. कश्यप यांचं म्हणणं होतं की ती गुंतागुंतीच्या पूर्वजांपासून, अवयव कमी होत होत साधी झाली. पुढे डीएनएच्या अभ्यासातही रिक्सिया आद्य ठरली नाही, ती गुंतागुंतीच्या नातेवाइकांमध्येच बसली.

हे बघायला कश्यप नव्हते. १९३४ मध्ये लाहोरला, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आज त्यांना भारतीय ब्रायॉलॉजीचे, म्हणजे शेवाळी व यकृतकांच्या शास्त्राचे जनक म्हणतात.

पुढच्या पावसात ती हिरवी चकती दिसली, तर वाकून बघा. तिच्या फांद्या दर वेळी दोन-दोन फुटत असतील आणि मधोमध खाच असेल, तर ती बहुधा रिक्सियाच. मात्र नेमकी जात फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो.