जलपर्णीच्या बियांचे कोडे

सोयाबीन पेरणाऱ्या जालना-परभणीकडच्या शेतकऱ्याला ‘एमएसीएस’ ही अक्षरे ठाऊक असतात. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने काढलेल्या वाणांपुढे ती लागतात. या संस्थेचे संस्थापक संचालक प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी एकेकाळी बंगालमध्ये एका पाणतणाचे कोडे हाती घेतले होते, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

आघारकर मूळचे मालवणचे. जन्म 1884 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. सह्याद्रीतल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याची जात तोवर फक्त आफ्रिकेतच असल्याचे मानले जाई. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले आणि अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. प्रबंधाचा विषय होता रुक्ष प्रदेशातल्या वनस्पती कशा पसरतात हा.

बंगालमध्ये तेव्हा वेगळ्याच वनस्पतीचा धुमाकूळ चालू होता. शोभेसाठी आणलेल्या, मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या जलपर्णीने नद्या, खाड्या, तळी भरली होती. नावा अडत, मासे गुदमरत, आणि पुराबरोबर तिचे थर भातशेतीवर चढत. सरकारने 1936 मध्ये तिच्याविरुद्ध कायदाच केला.

जलपर्णी फुटव्यांनी वाढते हे उघड्या डोळ्यांना दिसतेच. पण तिला बी धरते का? हा प्रश्न वरवर पोथीतला वाटेल, पण सारा खर्च त्यावर टांगलेला होता. फुटवेच असतील तर तण उपसले की काम झाले. बी असेल तर ते चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि स्वच्छ केलेले तळे पुन्हा हिरवे होते. आघारकरांनी सहकारी बॅनर्जी यांच्यासह तिच्या परागीभवनावर आणि बीजधारणेवर संशोधन केले. ते 1930 मध्ये प्रसिद्ध झाले. फुले कोमेजताच जलपर्णीचा दांडा पाण्याकडे वाकतो आणि बी खाली गाळात पडते, हे आज सर्वमान्य आहे.

हीच जलपर्णी शेताला खतही देते. तिच्यात पालाश भरपूर असतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला सेंद्रिय खताची भूक आहेच. मात्र ती फुलावर येण्यापूर्वी काढून नीट कुजवली पाहिजे.

कलकत्त्याहून निवृत्त होऊन आघारकर 1946 मध्ये पुण्यास आले आणि विज्ञानवर्धिनीचे काम त्यांनी अखेरपर्यंत विनावेतन सांभाळले. ते 1960 मध्ये वारले. 1992 मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ती संस्था ज्या पुण्यात आहे, तिथल्या मुळा-मुठा आणि पवनेतून महापालिका आजही जलपर्णी उपसत असतात.